3-16 म्हणजे तीन विरुद्ध सोळा नव्हे

प्रति,
माननीय संपादक,

विषय: ऑस्ट्रेलियन आणि गेलिक (आयरिश) फुटबॉलचे पहिले दौरे, आणि कोल्हापुरात करून पाहण्याजोगा एक सामना

महोदय,

29 ऑक्टोबर 1967 रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर झालेल्या सामन्याचा निकाल असा नोंदवलेला आहे: ऑस्ट्रेलिया 3-16, मीथ 1-10. मीथ हा आयर्लंडमधल्या एका परगण्याचा संघ. आपल्याकडे हा निकाल असाच छापला तर वाचक गोंधळणार. तीनाला सोळाने हरला तो कोण आणि एकाला दहाने हरला तो कोण, हेच कळणार नाही. आयर्लंडमध्ये मधली आडवी रेघ एकाच संघाचे दोन आकडे वेगळे करते. पहिला आकडा गोलांचा, दुसरा पॉइंटचा. गोलाला 3 गुण आणि पॉइंटला 1. म्हणजे ऑस्ट्रेलियाचे 9 अधिक 16 असे 25 गुण आणि मीथचे 3 अधिक 10 असे 13. ऑस्ट्रेलियन लीगची पद्धत आणखी वेगळी आहे. तिथे 12.10 (82) असे लिहितात. ते टिंब दशांशचिन्ह नाही. 12 गोलांचे सहाप्रमाणे 72, शिवाय 10 'बिहाइंड'चे, म्हणजे बाजूच्या खांबांतून गेलेल्या चेंडूंचे, 10, एकूण 82. परदेशी क्रीडावार्ता मराठीत येताना ही रेघ आणि हे टिंब तसेच उचलले जाते आणि दोन्ही खेळांवर 'रग्बीचा प्रकार' असे लेबल लागते. दोन्ही गोष्टी दुरुस्त व्हाव्यात, म्हणून हे पत्र. पण त्याहून मोठे कारण असे की, या दोन खेळांना एका मैदानावर आणताना 1967 पासून काय जमले आणि काय फिसकटले, याचा कोल्हापूरला प्रत्यक्ष उपयोग आहे.

आधी रग्बीचा गैरसमज. रग्बीत हाताने पुढे पास देता येत नाही आणि ऑफसाइडचा नियम कडक असतो. ऑस्ट्रेलियन आणि गेलिक फुटबॉलमध्ये ऑफसाइड मुळातच नाही. चेंडू पुढे, मागे, बाजूला कुठेही देता येतो. मात्र हाताने देताना तो फेकता येत नाही, मारूनच द्यावा लागतो. ऑस्ट्रेलियन खेळाडू एका तळव्यावर चेंडू धरतो आणि दुसऱ्या हाताच्या बंद मुठीने त्याला ठोसा देतो. गेलिकमध्ये मुठीने किंवा उघड्या हाताने मारतात, पण फटका दिसला पाहिजे. हाताचा पास हा दोन्ही खेळांचा खरा सांधा आहे आणि त्यामुळेच ते एकमेकांशी खेळू शकले.

बाकी फरक मात्र मोठे आहेत. गेलिकचे मैदान आयताकृती, 130 ते 145 मीटर लांब आणि 80 ते 90 मीटर रुंद. प्रत्येक बाजूला 15 खेळाडू. गोलखांब इंग्रजी एच अक्षरासारखे: मध्ये अंतर 6.5 मीटर, आडवी दांडी 2.5 मीटर उंचीवर, खांब वर किमान 7 मीटरपर्यंत गेलेले. दांडीखालून जाळीत गेला तर गोल, वरून गेला तर पॉइंट (2025 पासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्याला दोन). गोलकीपर असतो. चेंडू पूर्ण गोल, 480 ते 500 ग्रॅमचा. हातात घेऊन चार पावले झाली की तो जमिनीवर टप्पा द्यायचा किंवा पायाच्या बोटांवर टाकून परत हातात उडवायचा, आणि लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत. जमिनीवर पडलेला चेंडू थेट हाताने उचलता येत नाही, बूट खाली घालून वर उडवावा लागतो. अंगाला अंग लावायचे तर खांद्याला खांदा, तेवढेच.

ऑस्ट्रेलियात मैदान लंबगोल, 135 ते 185 मीटर लांब आणि 110 ते 155 मीटर रुंद. प्रत्येक बाजूला 18 जण. चेंडूही लंबगोल. गोलाला चार खांब, आडवी दांडी नाही, जाळी नाही आणि गोलकीपरही नाही. मधल्या दोन खांबांतून लाथेने गेला तर 6 गुण, बाहेरच्या खांबांतून गेला तर 1. चेंडू घेऊन 15 मीटर पळता येते, मग टप्पा द्यावा लागतो. किकचा चेंडू 15 मीटर प्रवास करून आला आणि थेट झेलला की खेळ थांबतो आणि झेलणाऱ्याला निर्वेध किक मिळते. त्याला 'मार्क' म्हणतात. आणि चेंडू ज्याच्या हातात आहे त्याला खांदा ते गुडघा या पट्ट्यात धरून खाली आणता येते. गेलिकमध्ये जो फाउल, तो इथे कौशल्याचा भाग आहे. पुढचे बहुतेक भांडण या एका वाक्यातून निघाले.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉल आयरिश स्थलांतरितांनी नेलेल्या गेलिक फुटबॉलमधून जन्मला, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. ऑस्ट्रेलियन खेळाचे नियम मेलबर्नमध्ये 1859 साली लिहिले गेले. गेलिक अॅथलेटिक असोसिएशनची स्थापना 1 नोव्हेंबर 1884 ची, आणि गेलिक फुटबॉलचे लेखी नियम त्यानंतरचे. तारखा पाहता लेखी खेळ म्हणून ऑस्ट्रेलियनच थोरला आहे. साम्य आहे, पण नाते सिद्ध झालेले नाही.

आता दौरे. हॅरी बाइट्झेल हे व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचे माजी पंच आणि नंतरचे समालोचक. 1967 चा हंगाम संपल्यावर त्यांनी लीगमधले नामवंत खेळाडू जमवले, कप्तानपद रॉन बरासी यांना दिले आणि संघ जगाच्या फेरीवर नेला. लीगचा हा अधिकृत संघ नव्हता, एका माणसाने अंगावर घेतलेले काम होते. संघाला 'गलाह' हे नाव चिकटले. गलाह म्हणजे ऑस्ट्रेलियातला गुलाबी आणि राखाडी रंगाचा काकाकुवा. मीथने त्याच वर्षी 24 सप्टेंबरला कॉर्कला 1-9 विरुद्ध 0-9 हरवून अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले होते. म्हणजे आयर्लंडच्या ताज्या विजेत्यांना, त्यांच्या राजधानीत, त्यांच्याच गोल चेंडूने, पाहुण्यांनी 12 गुणांनी हरवले. नंतर मेयो परगण्याचा संघही हरला.

हे कसे घडले, ते खेळ समजणाऱ्याला कळते. ऑस्ट्रेलियन खेळाडूचे निम्मे आयुष्य उंच झेलात जाते. समोरच्याच्या खांद्यावरून उडी घेऊन डोक्याच्या वर चेंडू पकडायचा आणि पकडतानाच पुढच्या पासचा विचार करायचा. गोल चेंडू झेलायला लंबगोल चेंडूपेक्षा सोपाच, कारण तो हवेत वेडावाकडा वळत नाही. त्यामुळे मैदानाच्या मध्यावर हवेतला चेंडू पाहुण्यांचा होऊ शकत होता. अडचण किकची. लंबगोल चेंडू टोकावर मारला की मागे फिरत सरळ जातो. ती सवय पायात मुरलेली. गोल चेंडूला टोक नसते, पायाचा कोन जरा चुकला की तो बाजूला कापत जातो. याला एकच उपाय: किक लांबून न मारता पासांनी जवळ जाऊन मारायची.

पण जिंकलेला संघ परतीच्या वाटेवर न्यूयॉर्कला थांबला, तिथल्या आयरिश खेळाडूंशी सामना झाला आणि त्याची मारामारी झाली. इथे स्वभावाला दोष देऊन भागत नाही. कारण पाहिले पाहिजे. चेंडूवाल्याला दोन्ही हातांनी कवटाळणे ही एका बाजूची प्रतिक्षिप्त क्रिया, तर दुसऱ्या बाजूच्या मते तो सरळसरळ हल्ला. पंच एकाच खेळातला असला की दुसऱ्या संघाला प्रत्येक शिट्टी अन्यायाची वाटते. आणि गुन्हा काय, शिक्षा काय हे आधी ठरलेले नसले की खेळाडू शिक्षा स्वतःच देतात. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल सामने पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पुढच्याच वर्षी, 1968 च्या मार्चमध्ये, मीथचा संघ ऑस्ट्रेलियात गेला आणि पाचही सामने जिंकून आला. 1967 च्या निकालावरून ज्यांनी ऑस्ट्रेलियन खेळाडू मुळातच वरचढ असा निष्कर्ष काढला, त्यांनी हे पाच सामने विसरू नयेत. बाइट्झेल यांनी 1968 मध्ये दुसरा संघ नेला, आयर्लंडचे 1969 चे विजेते केरी 1970 मध्ये ऑस्ट्रेलियात गेले. मात्र या सगळ्या काळात पाया गेलिक नियमांचा होता. पाहुण्याने आपले मोठे हत्यार, म्हणजे पकड, घरी ठेवून यायचे. बरोबरीचा सामना याला म्हणता येत नाही.

बरोबरीचा नियम 1984 मध्ये आला, गेलिक संघटनेच्या शतकी वर्षात. दोन्ही संघटनांनी बसून मधला खेळ लिहिला. आयर्लंडमध्ये त्याला तडजोडीचे नियम म्हणत, आता तो 'इंटरनॅशनल रूल्स' म्हणून ओळखला जातो. तडजोड कशी केली ते बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण इथे अर्धे-अर्धे असा सरासरीचा हिशेब केलेला नाही. चेंडू गोल, मैदान आयताकृती, गोलकीपर आणि जाळी कायम, संघ 15 चा: हे आयर्लंडचे. चेंडूवाल्याची पकड, थेट झेलाचा मार्क, चार चतुर्थांशांचा डाव, चेंडू थेट हाताने उचलण्याची मुभा: हे ऑस्ट्रेलियाचे. खांब मात्र दोघांचे एकत्र: मध्ये एच, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा खांब. दांडीखालून 6, वरून 3, बाजूच्या खांबांतून 1. एकाने चेंडू दिला, दुसऱ्याने पकड दिली. दोघांच्याही हातून काही मोलाचे गेले, म्हणून दोघांनाही ते न्याय्य वाटले. निकाल पाहा: 1984 मध्ये आयर्लंडमध्ये तीन कसोट्या झाल्या, ऑस्ट्रेलिया 2-1 ने जिंकला. 1986 मध्ये ऑस्ट्रेलियात आयर्लंड 2-1. 1987 मध्ये आयर्लंडमध्ये पुन्हा ऑस्ट्रेलिया 2-1. 1990 मध्ये ऑस्ट्रेलियात आयर्लंड 2-1. चारही वेळा पाहुणा संघ जिंकला. कोणत्याच देशाला घरचा फायदा मिळाला नाही, याहून चांगली पावती नियम लिहिणाऱ्यांना मिळणार नाही.

तरीही शिक्षेची बाजू कच्ची राहिली. 2006 मध्ये क्रोक पार्कवर दुसऱ्या कसोटीत एक आयरिश खेळाडू पकडीत खाली आपटून बेशुद्ध पडला, आयर्लंडचे व्यवस्थापक शॉन बॉयलन संघ मैदानाबाहेर काढण्यापर्यंत आले आणि 2007 ची मालिका झालीच नाही. 2008 मध्ये खेळ पुन्हा सुरू झाला. पकड कुठून कुठपर्यंत, हे लिहिलेले होते. पकडल्यावर माणसाला जमिनीवर कसे न्यायचे, याचा धाक पुरेसा नव्हता. दुसरीकडे या येण्या-जाण्यातून चांगलेही पुष्कळ घडले. डब्लिनचा जिम स्टाइन्स 1984 मध्ये मेलबर्नला गेला आणि 1991 मध्ये ऑस्ट्रेलियन लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक त्याने मिळवले. गेलिक फुटबॉलनेही 2017 पासून गोलकीपरच्या लांब किकवरच्या उंच झेलाला मार्क देणे सुरू केले.

आता कोल्हापूर. माती आणि गादी यांचे नाते इथे कुणाला सांगावे लागत नाही. महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता शेवटी एका गदेसाठी भिडतात. दोन पद्धतींचे खेळाडू एका नियमाखाली आणणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. शिवाय तालमीतालमींत फुटबॉलचे पाय आहेत आणि पेठापेठांत कबड्डीचे हात. फुटबॉलचा एक संघ आणि कबड्डीचा एक संघ यांच्यात, हंगाम संपल्यावर, या तडजोडीच्या नियमांनी एक प्रदर्शनीय सामना होऊ शकतो. त्यासाठीची मापे पुढे देतो.

पहिली चूक संघाच्या आकड्यात होईल. 145 बाय 90 मीटर मैदानात 30 खेळाडू असले की प्रत्येकाच्या वाट्याला 435 चौरस मीटर येतात. आपले फुटबॉल मैदान 105 बाय 68 धरले तर 30 जणांत प्रत्येकी 238 चौरस मीटर, म्हणजे नुसती झोंबाझोंबी. 9 विरुद्ध 9 ठेवले की प्रत्येकी जवळपास 397 होतात आणि खेळ मोकळा राहतो. राखीव पाच, अदलाबदल कितीही वेळा. डाव 12 मिनिटांचे चार.

गोलखांब नवे लागत नाहीत. फुटबॉलचा गोल 7.32 बाय 2.44 मीटर, गेलिकचा 6.5 बाय 2.5. एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. प्रत्येक खांबाला मागच्या बाजूने 7 मीटरचा जाड वेळू, बुंधा खाली ठेवून, तीन जागी काथ्याने आवळावा: पायथ्याशी, मध्यावर आणि आडव्या दांडीच्या लगेच खाली. वेल्डिंग करू नये, गोलखांब कायमचा बिघडतो. बाजूच्या खांबांसाठी प्रत्येक टोकाला आणखी दोन वेळू, गोलखांबापासून 6.5 मीटरवर, 75 सेंटीमीटर खोल पुरलेले. दोन्ही टोकांचे मिळून आठ वेळू. बांधलेल्या वेळूचा वरचा साडेचार मीटर भाग वाऱ्यात झुलतो आणि मग 3 गुण की 1 गुण यावर वाद पेटतो, म्हणून प्रत्येक वेळूच्या शेंड्यापासून मागे जाळीपलीकडे ताणदोर घ्यावा आणि दोराला रंगीत चिंध्या बांधाव्यात. खांबांना जमिनीपासून 2 मीटरपर्यंत फोम आणि त्यावर पोते गुंडाळणे सक्तीचे समजावे. पळता पळता वर बघणारा खेळाडू हमखास खांबावर आदळतो.

चेंडू आपला पाच नंबरचा चालेल. घेर तोच, वजन 410 ते 450 ग्रॅम, म्हणजे गेलिकच्या चेंडूपेक्षा थोडा हलका. वाऱ्यात उंच किक भरकटेल, एवढे गृहीत धरावे. टप्पा जास्त महत्त्वाचा. उन्हाने दगड झालेल्या मैदानावर चेंडू छातीच्या वर उसळतो आणि पळणाऱ्याचा ताबा सुटतो. पावसात तो वरच येत नाही. आदल्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारून ठेवावे, सकाळी टप्पा कमरेपर्यंत आला की मैदान तयार.

पळण्याची मर्यादा मीटरमध्ये न ठेवता सहा पावले ठेवावी. पंचाला पावले मोजता येतात, अंतर मोजता येत नाही. मार्कसाठी मात्र 15 मीटर हवेतच, आणि त्याची सोय फक्कीने होते: 105 मीटरचे बरोबर सात भाग पडतात, दोन्ही बाजूंच्या रेषांवर सहा-सहा ठळक खुणा मारल्या की पंचाला नजरेने कळते.

खरी मेहनत पकडीवर. कबड्डीपटूचा हात घोट्याकडे जाणार, कारण तीच त्याची विद्या. इथे पकड फक्त कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली. पट काढणे, ढाक लावणे, उचलून टाकणे बंद. दोन्ही हात जखडून खाली नेले तर पडणाऱ्याला हात टेकता येत नाही आणि मान किंवा खांदा जातो, म्हणून एक हात मोकळा सोडलाच पाहिजे. फुटबॉलपटूची चूक उलटी असते. जमिनीवरचा चेंडू दिसला की तो पाय घालतो, आणि समोरचा तोच चेंडू उचलायला वाकलेला असतो. बोटे आणि तोंड दोन्ही फुटतात. कुणी वाकला असेल तर दोन मीटरच्या आत लाथ नाही, हा नियम पहिल्या सरावापासून शिट्टी मारून पाळायला लावावा. निदान चार सराव एकत्र घ्यावेत, पहिले दोन फक्त पकड, पडणे आणि उचलणे यांचे. फुटबॉलवाल्याला हाताचा पास शिकवताना तो फेकतोच. चेंडू डाव्या तळव्यावर ठेवून तळवा न हलवता मुठीने मारायला लावला की आठवड्यात जमते.

पंच दोन, एक फुटबॉलचा आणि एक कबड्डीचा, दोघांच्याही शिट्टीला सारखा मान. गोलामागे दोन्ही टोकांना एकेक निशाणवाला. आयर्लंडमध्ये गोलाला हिरवे आणि पॉइंटला पांढरे निशाण असते. आपण 6 ला हिरवे, 3 ला पांढरे, 1 ला लाल ठेवावे. नियमबाह्य पकडीला पहिल्यांदा 10 मिनिटे बाहेर, जागा रिकामी. दुसऱ्यांदा किंवा उचलून आपटल्यास सामन्यातून बाद, बदली खेळाडू नाही आणि समोरच्यांना गोलासमोरून किक. हे सगळे एका कागदावर लिहून दोन्ही कप्तानांनी आणि दोन्ही तालमींच्या वस्तादांनी सामन्याच्या आठवडाभर आधी सही करावी. मैदानाकडेला स्ट्रेचर, मानेचा पट्टा आणि तो लावता येणारा माणूस नसेल तर सामना सुरू करू नये.

निकाल छापताना संघाच्या नावापुढे आधी एकूण गुण द्यावेत, मग कंसात सहाचे, तीनाचे आणि एकाचे आकडे त्याच क्रमाने. उदाहरणार्थ 34 (3, 4, 4).

आपले,
फुटबॉल व कबड्डीचे काही पंच,
शिवाजी पेठ, कोल्हापूर